कोऱ्या कागदावरचं स्वप्न

गेल्या महिन्यात एकदा पहाटे बाबा स्वप्नात आले होते. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली. स्वप्नात ते अगदी नेहमीसारखे होते. खुर्चीत एक पाय वर घेऊन बसलेले, आणि मला काहीतरी सांगत होते. काय सांगत होते ते जाग येताना मला स्वच्छ माहीत होतं. तेवढ्यात मोबाइलचा गजर वाजला, तो बंद करायला मी कुशीवर वळले आणि... गेलं! दात घासेपर्यंत नुसती खुर्ची उरली होती.

दिवसभर चुटपुट लागून राहिली. इतकं जवळचं माणूस इतक्या दिवसांनी भेटतं आणि त्याचं बोलणं आपल्याला दोन मिनिटंसुद्धा जपता येऊ नये? त्या चुटपुटीपायी शोधाशोध करत बसले आणि मेरी व्हिटन कॉल्किन्स या बाईंची गाठ पडली. आज त्यांच्याबद्दलच सांगायचं आहे.

साल १८९१. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वेल्स्ली नावाचं मुलींचं कॉलेज आहे. कॉल्किन्सबाई तिथे ग्रीक शिकवायच्या. कॉलेजला मानसशास्त्र हा नवा विषय सुरू करायचा होता, म्हणून त्यांना तो शिकून यायला सांगितलं गेलं. वय २८. जवळच्याच क्लार्क विद्यापीठात एडमंड सॅनफर्ड म्हणून प्राध्यापक होते, त्यांच्याकडे त्या प्रयोग शिकू लागल्या. त्या वसंतात दोघांनी एक साधंच काम हाती घेतलं. काही आठवडे रोज आपापली स्वप्नं लिहून काढायची. उशाशी कागद, पेन्सिल, मेणबत्ती आणि काड्यापेटी. रात्री वेगवेगळ्या वेळी जाग यावी म्हणून गजराचं घड्याळ. जाग आली की मेणबत्ती लावायची, आठवेल ते लगेच उतरवायचं, सकाळी ते पुन्हा वाचून नीट लिहून काढायचं.

बाईंची ५५ रात्रींत २०५ स्वप्नं जमली, सॅनफर्ड यांची ४६ रात्रींत १७०. म्हणजे सरासरी रात्रीला जवळजवळ चार! 'मला कधी स्वप्नंच पडत नाहीत' असं म्हणणाऱ्या मंडळींनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. पडतात सगळ्यांना, हाती लागत नाहीत इतकंच.

१८९३ साली बाईंनी हे सगळं 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकॉलॉजी'त छापलं. त्या लेखातली एक गोष्ट वाचून मला हसूही आलं आणि आपल्यासारखंच कुणीतरी भेटल्याचा आनंदही झाला. एकदा रात्री एक ठसठशीत स्वप्न पडलं. ते मनात नीट घोळवून कागदावर उतरवलं गेलं, आणि काम चोख झालं या समाधानात पुन्हा झोप. सकाळी बघतात तर कागद कोरा! अंधारात पेन्सिलीचं टोक नसलेलं टोक कागदावर फिरलं होतं. आणि स्वप्नाचा तर मागमूससुद्धा नाही.

आता गंमत अशी की स्वप्न का निसटतं याचं मर्म बाईंना या मेणबत्तीच्या उजेडात बरोबर सापडलं होतं. त्यांनी लिहून ठेवलंय की स्वप्न धरायचं तर जागं होताक्षणी सगळं लक्ष त्याच्यावरच लागतं. कागदासाठी हात लांबवणं किंवा मेणबत्ती लावणं, एवढ्याशा हालचालीनेही कधीकधी ते विरून जातं. माझं गजराकडे वळणं म्हणजे दुसरं काय होतं!

त्या काळात यावर विचार करणारे इतरही होते. फ्रान्समधल्या एर्व्हे द सँ-दनी या गृहस्थांनी वयाच्या तेराव्या वर्षापासून स्वप्नांची रोजनिशी ठेवली होती. २२ वह्या, १,९४६ रात्री! १८६७ साली त्यांनी त्यावर पुस्तक काढलं, तेही स्वतःचं नाव न घालता. रोज लिहायची सवय लागली की आठवणही वाढत जाते, हा त्यांचा अनुभव. पुढे १८९९च्या अखेरीस फ्रॉइडचा स्वप्नांवरचा प्रसिद्ध ग्रंथ आला. त्याचं म्हणणं, आपल्याला नकोशा असलेल्या इच्छा स्वप्नात डोकावतात, म्हणून मनातला पहारेकरी ती पुसून टाकतो. या ग्रंथात त्याने कॉल्किन्सबाईंच्या आकड्यांचा उल्लेख केलाय. पण जगाच्या लक्षात राहिला तो फ्रॉइड आणि त्याचा पहारेकरी. बाईंची मेणबत्ती मागे पडली.

खरं तर बाईंचे निष्कर्ष आपल्याला ऐकूनच माहीत असल्यासारखे आहेत. त्यांच्या दर शंभर स्वप्नांपैकी फक्त ११ अशी होती की ज्यांचा जागेपणाच्या आयुष्याशी काही संबंध दिसेना. सॅनफर्ड यांची तर त्याहून कमी. बाकी सगळी ओळखीची माणसं, ओळखीच्या जागा, कालपरवाच्या गोष्टी. मनी वसे ते स्वप्नी दिसे! आणि जास्त स्वप्नं हाती लागली ती पहाटेच्या झोपेत. पहाटेची स्वप्नं खरी होतात असं आपल्याकडे म्हणतात. खरी होतात की नाही ते सोडा, पण लक्षात राहतात ती पहाटेचीच.

यामागचं कारण कळायला १९५३ साल उजाडलं. शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांना दिसलं की झोपेत ठराविक वेळी बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात. साधारण दीड तासाने ही अवस्था येते आणि पहाटेकडे ती लांबत जाते. १९५७ साली क्लाइटमन आणि विल्यम डिमेंट यांनी लोकांना या अवस्थेतून १९१ वेळा उठवलं, त्यातल्या १५२ वेळा स्वप्न सांगता आलं. बाकीच्या झोपेतून १६० वेळा उठवलं, तेव्हा फक्त ११ वेळा. अवस्था संपून काही मिनिटं गेली की सांगण्यासारखं फारसं उरतच नाही.

आता हेही कळलंय की या अवस्थेत मेंदूतलं नॉरॲड्रेनलिन हे रसायन अगदी तळाला जातं, आणि ते आठवण पक्की करायला मदत करतं. २०१९ साली उंदरांवरच्या एका अभ्यासात दिसलं की या झोपेत काही खास पेशी चक्क विसरायला मदत करतात. त्या पेशी बंद पाडल्या तर उंदरांची आठवण सुधारली. म्हणजे विसरणं हा आपला दोष नाही, ती मेंदूची रोजची झाडलोट आहे. आणि ल्याँमधल्या संशोधकांना २०१३ साली आढळलं की ज्यांना स्वप्नं नेहमी आठवतात ते रात्रीतून एकूण अर्धा तास जागे असतात, इतर लोक त्याच्या निम्मेच. मेणबत्ती लावायला मधूनमधून जागं व्हावं लागतंच!

बाईंचं पुढे काय झालं? हार्वर्डमध्ये विल्यम जेम्स यांच्यासारख्यांकडे त्या शिकल्या. आठवण कशी तयार होते यावर त्यांनी प्रयोग केले. डॉक्टरेटची परीक्षा उत्तम दिली, शिक्षकांनी शिफारस केली. पण बाई आहे म्हणून हार्वर्डने पदवी दिली नाही. १९०२ साली शेजारच्या रॅडक्लिफ या मुलींच्या कॉलेजची पदवी देऊ केली, ती त्यांनी नाकारली. १९०५ साली अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. १९३० साली त्या गेल्या तोवर ती पदवी काही मिळाली नव्हती. स्मरणावर इतकं काम केलेल्या बाईंना जग असं विसरावं...

असो. सध्या मी त्यांचंच ऐकतेय. झोपताना मनाशी म्हणायचं, आज लक्षात ठेवायचंय. मोबाइल दुसऱ्या खोलीत. जाग आली की हलायचं नाही, डोळे मिटलेलेच ठेवायचे. शेवटचं जे चित्र असेल ते धरून एकेक पायरी मागे जायचं. मग वहीत दोन शब्द, तपशील नंतर. आणि हो, पेन्सिलीला टोक आहे ना, ते झोपण्यापूर्वी बघायचं.

तीन आठवड्यांत वहीची अकरा पानं भरलीत. त्यात चुकलेली बस आहे, उतू गेलेलं दूध आहे, शाळेतल्या बाई आहेत. बाबा अजून आलेले नाहीत. पण वही उशाशी असतेच.