पिकअपवर संसार बसवताना : आधी वजनकाटा, मग टायर, तंबू शेवटी

पिकअप म्हणजे भाजीची, दुधाच्या कॅनांची नाहीतर विटांची गाडी, ही ओळख गेल्या काही वर्षांत थोडी बदलली आहे. २०१६ मध्ये इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स भारतात आली. डबल कॅबिन, चारही चाकांना ताकद आणि मागे उघडा हौदा अशा या गाड्या आहेत. बोलेरो कॅम्पर घेऊन तिच्यावरच हौस भागवणारेही आहेत. पाऊस ओसरला की चोर्ला, आंबोली, तिलारी, अनमोडच्या वाटेवर टपावर तंबू बांधलेली एखादी पिकअप हमखास दिसते.

अशी गाडी तयार करायची म्हटली की बहुतेकांची सुरुवात लोखंडी बंपर, विंच आणि लाइटपासून होते. पण वाटेत गाडी मोडते ती बहुतेक वेळा जादा वजनाने. पाटे बसतात, टायर फुटतो, घाट उतरताना ब्रेक तापून पकड सोडतात. म्हणून सामानाची यादी करण्याआधी वजनाचा हिशेब मांडायला हवा.

आरसी काय सांगते?

आरसीवर दोन आकडे असतात : रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन. दोन्हींतला फरक म्हणजे गाडीला परवानगी असलेला भार. रिकाम्या वजनात ड्रायव्हर धरलेला नसतो. त्यामुळे माणसे, सामान, पाणी आणि मागाहून बसवलेली प्रत्येक वस्तू या फरकातच बसली पाहिजे.

इथेच अनेकांची फसगत होते. मालवाहू पिकअप टन-दीड टन माल उचलते, म्हणून हौशी डबल कॅबिन गाडीही तेवढाच उचलेल असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात या गाड्यांचा परवानगी असलेला भार बराच कमी, काही शे किलोंमध्येच असतो.

उदाहरणादाखल हा फरक ४०० किलो धरू आणि दोन माणसांच्या सहलीचा हिशेब मांडू. दोन माणसे १४० किलो, हौद्यावरची कॅनोपी ७०, टपावरचा तंबू ६०, लाकडी खण ५०, फ्रीज आणि खाणे ३५, पाणी ४०, जादा बॅटरी आणि वायरिंग १५, गाडी ओढून काढायचे साहित्य ३०, शेगडी आणि भरलेला छोटा सिलिंडर १२, कपडे-अंथरूण २८. बेरीज ४८० किलो. म्हणजे बंपर आणि विंच न लावताच ८० किलो जास्त. ते लावले तर आणखी ९० किलो सहज वाढतात.

आता हाच संसार हलका करून पाहू. कॅनोपीऐवजी ताडपत्रीचे झाकण १५ किलो, टपावरच्या तंबूऐवजी जमिनीवर लावायचा तंबू १०, खणांऐवजी प्लास्टिकचे क्रेट १०, फ्रीजऐवजी बर्फाची पेटी खाण्यासकट २५. बाकी सगळे तसेच ठेवले तरी बेरीज ३२५ किलोवर येते. तिसऱ्या माणसाची जागा झाली.

कागदावरचा हिशेब झाला की गाडी काट्यावर घालावी. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात वजनकाटा शोधावा लागत नाही. टाकी भरून, सामान लादून, माणसांसकट आधी पूर्ण गाडीचे वजन घ्यावे. मग फक्त मागची चाके काट्यावर ठेवून पुन्हा घ्यावे. मागच्या एक्सलवर किती भार पडतो ते त्यातून कळते.

भार कुठे ठेवायचा?

जड वस्तू खाली आणि केबिनला चिकटून. पाण्याचे कॅन, बॅटरी, हत्यारांची पेटी हौद्याच्या पुढच्या बाजूला असावीत. मागच्या एक्सलच्या पलीकडे, फाळक्याजवळ वजन गेले की गाडीचे तोंड उचलल्यासारखे होते. स्टिअरिंग हलके लागते आणि पुढच्या चाकांची पकड कमी होते. टपावर जितके वजन तितकी गाडी वळणावर कलते, म्हणून तिथे हलके आणि कमीच सामान.

पाटे वाढवले किंवा जाड स्प्रिंग टाकल्या म्हणून गाडीची भारक्षमता वाढत नाही. मागून गाडी बसलेली दिसत नाही, इतकेच. चॅसिस, एक्सल, ब्रेक तेच राहतात आणि आरसीवरचा आकडाही तोच राहतो.

टायर : इथे पैसे वाचवू नयेत

पहिला खर्च करायचा असेल तर तो टायरवर. रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारे ऑल-टेरेन टायर बहुतेकांना पुरतात. मड-टेरेन टायर चिखलात चांगले, पण डांबरी रस्त्यावर आवाज करतात आणि ओल्या रस्त्यावर त्यांची पकड कमी पडते. नवीन टायरचा भारनिर्देशांक कंपनीच्या मूळ टायरपेक्षा कमी नसावा. मापही फार बदलू नये. मोठ्या टायरने मीटर वेग कमी दाखवतो आणि चढाला इंजिन दमते.

मातीप्रमाणे वागणे बदलते. खानापूर, चंदगड, सत्तरीकडची तांबडी जांभ्याची वाट पावसात वरून घसरडी होते, पण खाली बहुधा टणक असते. अथणी-गोकाककडची आणि माळव्यातली काळी माती वेगळी. ती ओली झाली की टायरच्या खाचा भरून टाकते आणि कितीही महाग टायर गुळगुळीत गोळा होऊन बसतो. काळ्या रानात पाऊस पडून गेला असेल तर गाडी न घालणे हाच उपाय. बडोद्याकडून कच्छच्या रणात जाणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे, की वरचा मिठाचा पापुद्रा वाळलेला दिसला तरी खाली चिखल असतो.

हवा कमी करणे हे सगळ्यात स्वस्त हत्यार. रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय हवा असेल तर दगडगोट्यांच्या वाटेवर २५ च्या आसपास, चिखलात २० च्या आसपास आणि मऊ वाळूत १५ ते १८ पर्यंत उतरवतात. जमिनीला टेकणारा टायरचा भाग लांबतो आणि गाडी रुतत नाही. मात्र कमी हवेवर वेग कमी ठेवावा, झटक्यात वळवू नये आणि डांबरावर येताच हवा पुन्हा भरावी. त्यासाठी बॅटरीवर चालणारा पंप आणि हवा मोजायचा गेज विंचच्या आधी घ्यावा.

व्ही-क्रॉस आणि हायलक्सचे फोर-व्हील ड्राइव्ह गरजेपुरते लावायचे आहे. कोरड्या डांबरावर ते लावून गाडी वळवली की गिअर आणि शाफ्टवर ताण येतो. निसरड्या वाटेवर ४एच. खडा चढ, मोठे दगड किंवा तीव्र उतार असेल तर ४एल.

पाण्यात गाडी घालताना

स्नॉर्केल लावले म्हणजे गाडी होडी झाली नाही. स्नॉर्केल इंजिनात पाणी जाऊ देत नाही, गाडीला जमिनीवर धरून ठेवत नाही. हायलक्ससाठी कंपनी ७०० मिलिमीटर खोलीची मर्यादा सांगते, पण ती साचलेल्या पाण्यासाठी धरावी. वाहते पाणी गुडघ्याच्या थोडे वर असले तरी गाडी ढकलून नेऊ शकते. चिकोडी-निपाणी भागात दूधगंगा, वेदगंगेवरचे बंधारे पावसाळ्यात पाण्याखाली जातात. त्यावरून गाडी घालण्याचे धाडस कोणत्याही साहित्याने सुरक्षित होत नाही.

रुतलेली गाडी काढताना जीव सांभाळा

फावडे, चाकाखाली घालायच्या दोन फळ्या, जॅकखाली ठेवायला जाड लाकडी पाट, ताणणारा दोर आणि दोन सॉफ्ट शॅकल. एवढ्यावर बहुतेक प्रसंग निभावतात. दोराची ताकद भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट असावी.

दोर चॅसिसला बोल्टने बसवलेल्या, वजन सोसणाऱ्या हुकालाच लावावा. जहाजातून किंवा ट्रकवरून गाडी नेताना बांधायला दिलेली पातळ कडी यासाठी नसते. ती तुटली की गोळीसारखी उडते. ओढताना बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब ठेवावे, दोर ओलांडू नये, दोरावर जाड पोते किंवा घोंगडे टाकावे. एकट्या गाडीने अवघड वाटेला जाऊ नये हा नियम इथूनच आला आहे.

वीज, पाणी, चूल

१२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत सुमारे १,२०० वॅट-अवर वीज साठते. साध्या लेड-ॲसिड बॅटरीतली निम्मीच वापरावी, नाहीतर ती लवकर मरते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग, पण वजन साधारण १२ किलो आणि बहुतेक वीज वापरता येते. तितक्याच क्षमतेची लेड-ॲसिड २५ ते ३० किलोंची असते. गाडीचा फ्रीज उन्हाळ्यात दिवसाला ३० ते ५० अँपिअर-अवर घेतो. दोन रात्रींच्या सहलीला बर्फाची पेटी बरी. वायर जाड घ्यावी आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवावा. आग लागते ती फ्यूज नसलेल्या वायरीतून.

पिण्याचे पाणी माणशी दिवसाला किमान चार-पाच लिटर धरावे. या पट्ट्यात गावे जवळजवळ आहेत, टाक्या भरून शे-शंभर लिटर वाहण्याची गरज नाही. डिझेलचेही तेच. हायलक्सची टाकी ८० लिटरची आहे. सह्याद्रीत फिरायला जादा कॅन कशाला?

गॅसची शेगडी तंबूत किंवा बंद कॅनोपीत कधीही पेटवू नये. कोळशाची शेगडी ऊब यावी म्हणून आत घेऊन झोपणे, किंवा एसीसाठी इंजिन चालू ठेवून काचा लावून झोपणे, दोन्ही जीवघेणे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतल्या माणसाला काही कळतच नाही.

तीन राज्ये, एक गाडी

बेळगावहून सकाळी निघालेली गाडी दुपारपर्यंत तीन राज्यांची हद्द पाहते, म्हणून कागद चोख हवेत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुढच्या लोखंडी क्रॅश गार्डवर कारवाई करा, असे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. त्या गार्डमुळे एअरबॅगच्या सेन्सरला धडक नीट कळत नाही आणि पादचाऱ्याला जास्त इजा होते. हौद्यात कायमचे बेड-किचन बसवण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे. राहण्याच्या गाड्यांसाठी वेगळे मानक आहे.

नट-बोल्ट सोडवून काढता येणारे सामान त्यामानाने सोयीचे. तरी विमा कंपनीला लेखी कळवावे. न कळवलेला बदल आणि जादा वजन, दोन्ही दावा नाकारायला कारण ठरतात.

एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर कलम ४७ नुसार तिथली नोंदणी घ्यावी लागते. नोकरी एकीकडे आणि घर दुसरीकडे असलेल्या सीमाभागातल्या कुटुंबांनी हे विसरू नये. पिवळ्या नंबर प्लेटची मालवाहू गाडी असेल तर फिटनेस, कर आणि परवाना तपासावा. चालत्या गाडीच्या हौद्यात माणसे बसवू नयेत.

मुक्काम कुठे?

भीमगड, म्हादई, राधानगरी ही अभयारण्ये आहेत. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाणे आणि विस्तव करणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. खानापूर, चंदगड, दोडामार्ग भागात रानटी हत्तींचा वावर आहे. केळी, फणस उघड्यावर ठेवून तंबू लावणे म्हणजे त्यांना आवतण. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर गाडी घातली तर गुन्हा दाखल होतो, आणि पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक केला तरी दंड आहे.

सोपा मार्ग म्हणजे गावातल्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या पडीत मुक्काम करणे. पाणी मिळते, रात्री कुणी तरी ओळखीचे असते, आणि चार पैसे गावात राहतात. सकाळी निघताना राख विझवून कचरा बरोबर न्यावा.

खर्चाचा क्रम

आधी सर्व्हिसिंग, ब्रेक आणि टायर. मग पंप, गेज, फावडे, दोर आणि प्रथमोपचार पेटी. त्यानंतर क्रेट, साधा तंबू, शेगडी. एवढ्यावर दोन-तीन मुक्काम घराजवळ काढावेत. प्रत्येक वेळी परत आल्यावर न वापरलेल्या वस्तू बाजूला काढाव्यात. ती रास पाहिली की पुढची खरेदी आपोआप कमी होते. बॅटरी, फ्रीज, कॅनोपी यांचा विचार त्यानंतर. आणि काहीही नवे बसवले की गाडी पुन्हा एकदा काट्यावर घालावी.