सिंक्रोनस की असिंक्रोनस रेप्लिकेशन: 'सेव्ह झालं' याचा नेमका अर्थ काय?

एकाच डेटाच्या प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवणं म्हणजे रेप्लिकेशन. पण 'सेव्ह झालं' हे उत्तर कधी द्यायचं, यावर सगळं ठरतं.

सिंक्रोनस: सगळ्या प्रती लिहून झाल्यावरच उत्तर. 'सेफ' या ओपन सोर्स स्टोरेज प्रणालीत साधारणपणे तीन प्रती असतात. मुख्य प्रत सांभाळणारा सर्व्हर बाकीच्या दोघांचा होकार आल्यावरच क्लायंटला होकार देतो. त्यानंतर एखादा सर्व्हर बंद पडला तरी डेटा शाबूत. किंमत मात्र वेळेची: फायबरमध्ये १,००० किलोमीटर जाऊन येण्यातच सुमारे १० मिलिसेकंद जातात, तेही प्रत्येक राइटला.

असिंक्रोनस: आधी उत्तर, प्रत नंतर. 'सेफ'ची फाइल सिस्टीम दूरच्या क्लस्टरकडे स्नॅपशॉट अशाच पद्धतीने पाठवते. वेग टिकतो, पण मूळ क्लस्टरच गेलं तर शेवटच्या पोहोचलेल्या स्नॅपशॉटनंतरचं काम गेलंच म्हणून समजा.

म्हणून एका डेटा सेंटरच्या आत सिंक्रोनस आणि दूरच्या शहरासाठी असिंक्रोनस, अशी जोडी बरेचदा वापरतात.

आणि एक लक्षात ठेवा: चुकून डिलीट केलेली फाइल तिन्ही प्रतींमधून जाते. रेप्लिकेशन म्हणजे बॅकअप नव्हे!