पोलीस ठाण्यातील समाजकार्य: विशेष कक्षाची वाटचाल

१९८३ साली भारतीय दंड विधानात कलम ४९८-अ आले आणि नवरा व सासरच्यांकडून होणारा छळ गुन्हा ठरला. तरी ठाण्याची पायरी चढणाऱ्या बाईला ‘घरचं भांडण घरातच मिटवा’ हेच ऐकावे लागे. म्हणून १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. जागा पोलिसांची, काम प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांचे.

कामाची शिस्त पहिल्या भेटीपासूनच दिसते. बाईशी आधी एकटीशी बोलायचे. सोबत आलेल्या भावालाही बाहेर थांबवायचे. आज रात्री कुठे राहणार? मुले कुणाजवळ आहेत? रेशनकार्ड, मुलांचे दाखले, बँकेचे पासबुक कुणाच्या ताब्यात? या उत्तरांवर पुढची पावले ठरतात. कुणाला तक्रार नोंदवायची असते, कुणाला फक्त मार थांबायला हवा असतो. कुणाला आपले स्त्रीधन परत हवे असते. मग यादी होते: मंगळसूत्र, शिलाई मशीन, भांडी, मुलांची दप्तरे. पोलिसांना सोबत घेऊन एकेक वस्तू ताब्यात घेतली जाते. नवऱ्यालाही बोलावतात, पण ‘तूही थोडं सांभाळून घे’ असे बाईला सांगण्यासाठी नव्हे. मारहाणीवर तडजोड नाही, आणि नांदायचे की वेगळे राहायचे हे तिनेच ठरवायचे.

पुढे राज्याच्या महिला व बालविकास विभागाने या कामाची जबाबदारी उचलली आणि कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले. इतर काही राज्यांनीही हा नमुना स्वीकारला. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याने राहत्या घरात राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश आणि मुलांचा तात्पुरता ताबा मिळवण्याची दिवाणी वाट दिली. नवऱ्याला तुरुंगात धाडायचे नाही, पण छप्परही सोडायचे नाही, अशा असंख्य बायकांना ती जवळची वाटली. मात्र अर्जात काय मागायचे, पुरावा कोणता जोडायचा, तारखेला सोबत कोण येणार, हे सांगणारे माणूस लागतेच.

चार दशकांच्या या वाटचालीने एक गोष्ट सिद्ध केली आहे. हिंसेतून बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला कळवळा पुरत नाही. शिकलेले, पगारी आणि उत्तरदायी काम लागते. ठाण्यात ठाणे अंमलदाराइतकीच समाजकार्यकर्तीही आवश्यक आहे. तिचे पद कायम, वेतन वेळेवर आणि प्रशिक्षण अखंड राहिले पाहिजे.