काशीचे गणिती बापूदेवशास्त्री

काशीचा भोसले घाट नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधविला. परंतु नागपूरने काशीला केवळ घाटाच्या पायऱ्याच दिल्या असे नव्हे. एक थोर गणितीही दिला. ते म्हणजे बापूदेवशास्त्री परांजपे.

त्यांचा जन्म 1821 सालचा. नागपुरात ढुंढिराज मिश्र यांच्यापाशी त्यांनी भास्कराचार्यांचे गणित अभ्यासिले. लॅन्सेलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांची बुद्धी हेरून त्यांना सिहोरच्या पाठशाळेत नेले. तेथे सिद्धान्तग्रंथांच्या जोडीला युरोपीय गणिताचाही परिचय घडला. 1842 साली ते काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक झाले आणि जवळजवळ अर्धशतक तेथेच शिकवीत राहिले.

1858 साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत त्यांनी एक निबंध लिहिला. भास्कराचार्यांना चलनकलनाचे तत्त्व अवगत होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याचे मर्म आकडेमोडीत आहे. आपल्या ज्योतिषात ज्यांचे कोष्टक पावणेचार अंशांच्या टप्प्यांनी मांडलेले असते. सूर्यसिद्धान्ताप्रमाणे साठ अंशांच्या अलीकडील टप्प्यात ज्या 119 कलांनी वाढते, पलीकडील टप्प्यात 106 कलांनी. मग नेमक्या साठ अंशांवर वाढीचा वेग कोणता मानावा? भास्कराचार्य सांगतात, पहिला फरक 225 हा कोटिज्येने गुणावा व त्रिज्येने भागावा. साठ अंशांवर कोटिज्या त्रिज्येच्या निम्मी. म्हणून उत्तर साडेबारा अधिक शंभर, म्हणजे 112.5. दोन्ही फरकांच्या मधोमध! हीच त्यांची तात्कालिक गती. चंद्र शीघ्रगामी, म्हणून तिथीचा अंत काढताना हा सूक्ष्म भेद फार उपयोगी पडतो.

विलायतेतील गणिती विल्यम स्पॉटिसवुड यांनी 1860 साली या निबंधाची चिकित्सा केली. शास्त्रीबोवांचा दावा त्यांना अतिव्याप्त वाटला, कारण अत्यल्प कालखंडाची कल्पना भास्करांनी स्पष्ट शब्दांत मांडलेली नाही. पण रीतीचे साम्य त्यांनीही मान्य केले. हा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येणार नाही. एका वक्राचा विशिष्ट नियम गवसणे वेगळे आणि सर्व वक्रांना लागू पडणारे शास्त्र रचणे वेगळे. तथापि बाराव्या शतकातील एक संस्कृत सूत्र लंडनच्या पंडितांपुढे गणित म्हणून तपासले जावे, केवळ पुराणवस्तू म्हणून नव्हे, हे शास्त्रीबोवांनी घडवून आणले. हे यश लहान नव्हे.

1861 साली त्यांचा सूर्यसिद्धान्ताचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. हिंदीतून बीजगणित त्यांनी आधीच लिहिले होते. भोसले घाटापासून थोड्याच अंतरावर असलेल्या मानमंदिराच्या वेधशाळेविषयीही त्यांनी लिहिले. 1887 साली सरकारने त्यांना महामहोपाध्याय ही पदवी दिली. 1890 साली त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या जागी त्यांचेच शिष्य सुधाकर द्विवेदी आले आणि भास्कराचार्यांच्या सूत्रांचे अध्यापन काशीत तसेच चालू राहिले.