डोळ्यांसमोरची शास्त्रज्ञ

विज्ञान शाखेकडे मुली कमी वळतात, हा समज घेऊनच बहुतेक वाचक ‘मुली आणि विज्ञान’ या विषयाकडे येतात. तो आधी बाजूला ठेवावा लागेल. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०२०-२१ मध्ये देशात विज्ञान शाखेत सुमारे ५७ लाख विद्यार्थी शिकत होते आणि त्यांत निम्म्याहून अधिक मुली होत्या. याउलट संशोधन आणि विकासाच्या प्रत्यक्ष कामातल्या मनुष्यबळात २०१८ साली स्त्रियांचा वाटा जेमतेम १६.६ टक्के होता. मुली वर्गात येतात, पदवी घेतात, आणि पुढच्या वाटेवर कुठेतरी गळतात. विज्ञानावर जगणारी, त्यातच वय वाढलेली बाई या मुलींनी कधी पाहिली होती का? या अभ्यासक्षेत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हा आहे.

नव्या वाचकाने सुरुवात डेव्हिड चेंबर्स यांच्या १९८३ सालच्या अभ्यासापासून करावी. ४,८०७ शाळकरी मुलामुलींना एकच काम दिले होते: शास्त्रज्ञाचे चित्र काढा. स्त्री शास्त्रज्ञ फक्त २८ चित्रांत आली आणि ती सगळी चित्रे मुलींची होती. एकाही मुलग्याला बाई सुचली नाही.

सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या मुलीने स्त्री शास्त्रज्ञाचे चित्र काढायचे ठरवले तर तिला लांब जावे लागत नाही. निंबकर कृषी संशोधन संस्था इथे १९६८ पासून आहे. डॉ. नंदिनी निंबकर यांनी करडई आणि गोड ज्वारीवर काम केले. डॉ. चंदा निंबकर यांचे काम मेंढ्यांवरचे, आणि ते जरा विस्ताराने सांगायला हवे. आपली दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. सुंदरबनातली गारोल मेंढी अंगाने लहान, पण जुळी-तिळी देणारी, आणि तिचा हा गुण एका जनुकामुळे येतो. संकरातून तो जनुक दख्खनी मेंढीत आणायचा, कोणत्या कोकरात उतरला हे रक्ताच्या तपासणीने ओळखायचे, आणि गारोलचे लहान अंग मात्र मागे ठेवायचे, असे हे चिकाटीचे काम. त्यातून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार झाली. दोन कोकरांना आईचे दूध पुरते का, टंचाईच्या दिवसांत दोन्ही जगतात का, हे मात्र कळपातच कळते. त्यामुळे हे विज्ञान मेंढपाळांच्या कळपांपर्यंत गेले. आपल्या बापाच्या मेंढ्या तपासणारी बाई डॉक्टरेट मिळवलेली आहे, हे तिथल्या मुलीला दिसू शकते. पाठ्यपुस्तकातल्या छायाचित्राने एवढे साधत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे: या घराची गोष्टच वेगळी. नंदिनी आणि चंदा या बहिणींची एक आजी इरावती कर्वे, बर्लिनला डॉक्टरेट मिळवून डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र उभे करणाऱ्या. दुसरी कमला निंबकर, १९५० साली मुंबईत ऑक्युपेशनल थेरपीची देशातली पहिली शाळा काढणाऱ्या. या नातींना विदुषी घरातच भेटल्या. ज्या घरात आईच शाळेत गेलेली नाही, तिथे काय?

याचे उत्तर पश्चिम बंगालमधून मिळते. लोरी बीमन, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की आरक्षणामुळे ज्या पंचायतींत लागोपाठ दोनदा महिला प्रमुख आल्या, तिथे किशोरवयीन मुलामुलींच्या शिक्षणातली तफावत मिटली. मुलीकडून आईबापांच्या ज्या अपेक्षा असतात, त्याही वाढल्या. ही प्रमुख बाई त्यांच्या नात्यातली नव्हती. ती जवळ होती, रोज दिसत होती, एवढे पुरले.

म्हणून थोर स्त्रियांच्या चरित्रांवर सगळी भिस्त ठेवणे मला पटत नाही. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांना १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी आधी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच. डी. मिळवून परतल्या. ही कथा प्रत्येक मुलीला ठाऊक असलीच पाहिजे. पण ती ऐकून मुलगी नमस्कार करते. ‘हे मलाही जमेल’ असे तिला वाटते ते गावातली एखादी बाई पाहून.

अर्थात नुसत्या दर्शनाने भागत नाही. बारावीपर्यंत एसटीचा मोफत अहिल्याबाई होळकर पास मिळतो, त्याने मुलगी तालुक्याच्या कॉलेजपर्यंत पोचते. प्रात्यक्षिक संपेपर्यंत शेवटची गाडी गेलेली असेल, किंवा बारावीनंतर लगेच स्थळ पाहणे सुरू झाले, तर आदर्श काय करणार? आदर्श आणि अशा अडचणी या दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार करणारे लेखन मराठीत फार थोडे आहे, आणि इथे नव्या अभ्यासकाला भरपूर वाव आहे.

हे वाचणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. आपल्या शाळेतून दहावी झालेल्या मुलींची एक वही ठेवा: कोणी विज्ञान घेतले, कोणी कोणत्या वर्षी सोडले, कशामुळे. आणि तालुक्यात विज्ञानाचे काम करणारी जी कोणी बाई असेल, मग ती पशुवैद्य असो, मातीपरीक्षण करणारी असो वा दवाखान्यातली तंत्रज्ञ, तिला वर्षातून एकदा तरी वर्गात बोलवा.