नेट का चालत नाही? एका तक्रारीचा इतिहास

कोपरगाव तालुक्यातील एका केंद्राच्या शिक्षण परिषदेत बोलण्यासाठी आम्हाला बोलावले होते. बोलणे संपल्यावर एका बाईंनी विचारलेला प्रश्न विज्ञानाच्या पुस्तकातला नव्हता. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा त्यांनी फोनवरून वर्ग घेतले होते. त्यांच्या वहीत तीन मुलांच्या नावांपुढे 'घरी फोन आहे, तरी हजर नाही' असा शेरा होता. मुले सांगत, "बाई, टॉवर फुल्ल दिसतो, पण नेट चालत नाही." बाईंना तेव्हा ती सबब वाटली. "ती खरंच सबब होती का हो, सर?" त्यांनी विचारले.

या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

आपल्या देशात पहिला मोबाइल कॉल झाला तो ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीतील केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्यानंतर पंधराच दिवसांनी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. आज एकाच खिशात राहणाऱ्या या दोन गोष्टींचा तेव्हा एकमेकींशी संबंध नव्हता. मोबाइल बोलण्यासाठी होता, आणि इंटरनेट यायचे ते तारेच्या टेलिफोनला मोडेम आणि संगणक जोडून. एवढेच नव्हे, तर दोघांमागचा विचारच वेगळा होता. तो समजण्यासाठी कोपरगावचीच दोन उदाहरणे घेऊ या.

पहिले पाटपाण्याचे. पाळी आली की चारीचे दार उघडते आणि ठरलेला वेळ ते पाणी एकाच शेतकऱ्याचे असते. तो घटकाभर जेवायला घरी गेला, तरी पाणी दुसऱ्याला मिळत नाही. जुना टेलिफोन असाच होता. कॉल सुरू असेपर्यंत तेवढी वाट दोघांसाठी राखून ठेवलेली. ते गप्प बसले तरी मीटर चालूच.

दुसरे उदाहरण हंगामात कोळपेवाडीच्या किंवा सहजानंदनगरच्या कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्यांचे. एका शेतातला ऊस एका गाडीत मावत नाही. तो अनेक गाड्यांतून जातो. प्रत्येक गाडीबरोबर कोणाचा ऊस ते सांगणारी पावती असते. रस्ता सर्वांचा, गाड्या मागेपुढे होतात, पण वजनकाट्यावर पावती पाहून हिशेब बरोबर जुळतो. १९६०च्या दशकात अमेरिकेत पॉल बरान आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे हीच कल्पना संदेशांसाठी मांडली. संदेशाचे तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता घालायचा आणि सर्वांच्या रस्त्यावर सोडून द्यायचे. या तुकड्यांना 'पॅकेट' हे नाव डेव्हिस यांनी दिले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यावरून 'लॉगिन' हा पहिला शब्द पाठवायचा होता. त्याची पहिली दोन अक्षरे गेली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. नेट न चालण्याचा इतिहास नेटइतकाच जुना आहे!

आता या दोन वाटा एकत्र कशा आल्या ते पाहू. १९९१ साली फिनलंडमध्ये सुरू झालेली जीएसएम ही मोबाइल पद्धती बोलण्यासाठी आखलेली होती. तिच्यावरून सुरुवातीला माहिती पाठवता येई ती पाटपाण्याच्या रीतीने, सेकंदाला ९.६ किलोबिट या वेगाने. एक मेगाबाइटचा फोटो म्हणजे सुमारे ८००० किलोबिट. भागाकार केला तर उत्तर येते जवळजवळ १४ मिनिटे, आणि या सबंध वेळाचे पैसे!

२०००च्या सुमारास जीपीआरएस ही सोय आली. बोलणाऱ्यांच्या मधल्या रिकाम्या जागांतून पॅकेटे पाठवावीत, अशी ही युक्ती. टॉवर तोच राहिला, पण टॉवरच्या मागे दोन रस्ते झाले. आवाज टेलिफोन एक्स्चेंजकडे जाई आणि पॅकेटे एका वेगळ्या वेशीकडे. त्या वेशीतून बाहेरच्या इंटरनेटमध्ये शिरायचे. कंपनीच्या अशा अनेक वेशी असू शकतात, म्हणून कोणत्या वेशीतून जायचे तिचे नाव फोनला सांगावे लागते. फोनच्या सेटिंगमध्ये 'एपीएन' म्हणून जी जागा असते, ती या नावाची. पूर्वी हे नाव हाताने भरावे लागे किंवा कंपनी ते संदेशातून पाठवी. आता बहुतेक फोन सिम ओळखून ते आपोआप घेतात. पण २० जानेवारी २०११पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली. सिम नवे आणि फोनमध्ये वेशीचे नाव जुने राहिले, तर पॅकेटे अडतात.

म्हणजे 'टॉवर फुल्ल' या रेघा सांगतात ते एवढेच, की फोन आणि टॉवर यांच्यातला बिनतारी दुवा चांगला आहे. मागचा रस्ता मोकळा आहे का, वेस उघडी आहे का, याविषयी त्या काहीच बोलत नाहीत.

एसएमएसची वाट आणखी निराळी. जीएसएममध्ये तो कॉल जोडण्याच्या सूचना जिथून जातात त्या मार्गाने जातो. त्याला जागा १४० बाइटची. म्हणून इंग्रजीत १६० अक्षरे, पण देवनागरीत ७०च मावतात. या चिमुकल्या वाटेचा मोठा उपयोग कोल्हापूरकडे झाला. वारणानगरच्या साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ साली सुमारे ७० गावांसाठी ५४ संगणक केंद्रे उभारली गेली. पुढे त्यांचा उपयोग मुख्यतः उसाच्या हिशेबापुरताच राहिला असल्याचे दिसले. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी सात गावांत एक प्रयोग केला. कारखान्याच्या संगणकाला एक मोबाइल जोडला. शेतकऱ्याने एसएमएस पाठवायचा, उसाच्या वजनाची माहिती उत्तरात यायची. या प्रयोगाचा अहवाल २००७ साली आला. गरज कोणती आणि तिला कोणती वाट पुरते, हे आधी पाहावे, असा त्याचा धडा आम्हाला वाटतो.

फोनच्या पडद्यावर रेघांशेजारी एक खूण असते. जमिनीच्या थरांवरून भूवैज्ञानिक काळ ओळखतो, तसा या खुणेवरून रस्त्याचा काळ ओळखता येतो. 'जी' म्हणजे जीपीआरएस, २०००च्या सुमाराचा. 'ई' म्हणजे एज, २००३च्या आसपासचा. 'एच' हा त्यानंतरचा थर, ३जीचा. ४जी आपल्याकडे एप्रिल २०१२मध्ये कलकत्त्यात आले, आणि पुढे त्यात बोलणेही पॅकेटांतून जाऊ लागले. ५जी ऑक्टोबर २०२२चे. 'ई' दिसत असेल तर संदेश जाईल, साधे पान सावकाश उघडेल, पण चालता-बोलता वर्ग दिसणे अवघड.

मग तक्रार आली की हाच इतिहास क्रमाने चढत जावा. रेघा आहेत का? नसतील तर जागा बदला, विमान-अवस्था बंद असल्याची खात्री करा. कॉल आणि एसएमएस होतो का? होत असेल तर सिम ठीक आहे. पडद्यावर खूण कोणती? डेटाचे बटण चालू आहे का, पॅक शिल्लक आहे का? एपीएन याच कंपनीचे आहे का? एकच पान अडते की सगळी? एकच अडत असेल तर दोष बहुधा पलीकडच्या टोकाला. सकाळी चालते आणि संध्याकाळी नाही, असे असेल तर रस्त्यावर गाड्यांची गर्दी आहे. टॉवर सर्वांत वाटला जातो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा. प्रयोगशाळेत आपण मुलांना हेच तर शिकवतो.

पुढे त्या बाई पुन्हा भेटल्या. तिघांपैकी एक मुलगी आता हायस्कुलात आहे. तिला विचारल्यावर ती पटकन म्हणाली, "रेघा चार असायच्या, पण शेजारी नेहमी 'ई' असायचा." उरलेल्या दोघांचे काय झाले होते, ते आता कळण्याचा मार्ग नाही. शाळांतून आजही अभ्यास फोनवर पाठवला जातो. तेव्हा 'फोन आहे' एवढ्यावर न थांबता, शेजारी 'खूण कोणती' असा आणखी एक रकाना वहीत आखावा, एवढेच आमचे सांगणे आहे.