फॅन्सी गप्पी पाळायचेत? बोअरचं पाणी चालतं, पण मासे ओढ्यात सोडू नका

बुलढाणा : डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभागाचे कर्मचारी गावातल्या हौदात जे बारके मासे सोडतात, त्याच गप्पीचे रंगीत भाऊबंद म्हणजे फॅन्सी गप्पी. निवडून पैदास करत माणसानं त्यांचे रंग आणि शेपट्या घडवल्या. रेड मोझॅक, ब्लू ग्रास, टक्सेडो, कोब्रा, डंबो इअर ही दुकानातली नावं वेगळी असली तरी जात एकच आहे. मूळ दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला हा मासा. १९व्या शतकात त्रिनिदाद बेटावरून रॉबर्ट गप्पी यांनी त्याचे नमुने लंडनला पाठवले, त्यावरून हे नाव पडलं.

पाणी कोणतं लागतं?

गप्पीला थोडं जड, क्षाराचं पाणी मानवतं. त्यामुळे बोअर किंवा विहिरीचं पाणी बहुतेक ठिकाणी चालतं. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या खारपाणपट्ट्यातल्या भागात क्षार जास्त असतात. तिथे आणलेले मासे एकदम टाकीत सोडू नयेत. पिशवी टाकीत २० मिनिटं तरंगत ठेवावी, मग तासाभरात थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घालावं.

उन्हाळ्यात पाणी आटतं, पण क्षार टाकीतच राहतात. नुसती भर घालत राहिलं तर पाणी खारट होत जातं. म्हणून आठवड्याला पाव हिस्सा पाणी काढून तेवढंच नवीन भरावं. सगळं पाणी एकदम बदलू नये. नळाच्या किंवा ब्लिचिंग पावडर टाकलेल्या विहिरीच्या पाण्यात क्लोरीन असतो, तो माशांना मारतो. असं पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवावं किंवा दुकानातलं अँटी-क्लोरीन वापरावं.

ऊन, लाईट आणि फवारणी

२४ ते २८ अंश तापमान गप्पीला चांगलं. घाटाखाली मे महिन्यात पारा ४४ च्या वर जातो. तेव्हा टाकी पत्र्याखाली किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नये. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे वर येऊन तोंड उघडतात. लाईट गेली तर हवेचा पंपही बंद पडतो. म्हणून उंच बरणीपेक्षा रुंद तोंडाची टाकी घ्यावी आणि गर्दी करू नये. ४० लिटरमध्ये १५ ते २० मासे पुरेत.

शेतकऱ्यांच्या घरी आणखी एक धोका आहे. कपाशी-सोयाबीनवर फवारणी करून आलेले हात टाकीत घालू नयेत, फवारणीची बादली टाकीसाठी वापरू नये. घरात डासांचा स्प्रे मारताना किंवा गावात धुराची फवारणी असताना टाकी झाकून पंप बंद ठेवावा. ही औषधं माशांना फार विषारी असतात.

पिल्लं कशी घ्यायची?

गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो. नर लहान आणि रंगीत असतो, मादी मोठी आणि फिकट. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात, नाहीतर नर मादीला सतत पळवतो. मादीच्या पोटामागचा काळा डाग मोठा आणि पोट चौकोनी दिसू लागलं की ती व्यायला आली. साधारण २१ ते ३० दिवसांनी ती २० ते ५० पिल्लं देते.

आईबाप पिल्लं खातात. टाकीत हायड्रिलासारखं दाट शेवाळ ठेवलं तर पिल्लं त्यात लपतात. ती दिसताच वेगळ्या टबात काढावीत. उकडलेल्या अंड्याच्या बलकाचा अगदी कण किंवा बारीक दळलेलं खाद्य दिवसातून तीन-चार वेळा द्यावं. उरलेलं लगेच काढावं, नाहीतर पाणी कुजतं.

रंग का बिघडतो?

अनेकांची तक्रार असते की पहिले मासे देखणे होते, पिल्लं साधीच निघाली. याचं कारण मादीत आहे. एकदा मिलन झालं की मादी नराचं बीज कित्येक महिने साठवते आणि पुढची वेतं त्यावरच देते. दुकानातून आणलेली मादी बहुधा आधीच दुसऱ्या नराची गाभण असते.

रंग टिकवायचा तर एकच वाण ठेवावा. तीन-चार आठवड्यांत नराच्या पोटाखालचा पर टोकदार होतो. तो दिसताच नर-मादी वेगळे करावेत. तीन-चार महिन्यांनी सर्वांत चांगली शेपटी आणि रंग असलेला नर निवडून जोडी लावावी. विक्रीचा विचार असेल तर हे गरजेचंच आहे, कारण मिसळलेल्या रंगाच्या माशांना भाव मिळत नाही.

जास्त झाले तर?

काही महिन्यांत टाकी भरून जाते आणि मग मासे नदी-ओढ्यात सोडायचा मोह होतो. तसं करू नये. गप्पी देशी माशांची अंडी-पिल्लं खातो आणि झपाट्याने वाढतो. पूर्णा, पैनगंगा, ज्ञानगंगा यांच्या काठी, धरणांत किंवा २०२० पासून रामसर स्थळ असलेल्या लोणार सरोवराच्या परिसरात एकही मासा सोडू नये. जास्तीचे मासे दुसऱ्या पाळणाऱ्याला किंवा दुकानदाराला द्यावेत. टाकीचं पाणी टाकतानाही ते गाळून घ्यावं, त्यात बारीक पिल्लं असू शकतात.

वापराच्या पाण्याच्या हौदात डासांच्या अळ्या असतील तर महागडे फॅन्सी मासे टाकू नका. त्यांची लांब शेपटी आणि मंद चाल तिथे कामाची नाही. साध्या गप्पींसाठी आशाताई किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावं. कूलरची टाकी, ड्रम आणि रांजण मात्र आठवड्यातून एकदा घासून कोरडे करावेच लागतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवसच पुरतात.